ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला की दर वेळी फॉरमॅटच का?

गावभागकर | सोमवार, रात्री ९:१५

सांगली मार्केट यार्डात काकांची हळद-बेदाण्याची आडत आहे. पेढीवर चार कॉम्प्युटर. दोनांवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचे हिशेब, छापायला (त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलाय) आणि चौथा काकांच्या केबिनमध्ये, बँक आणि ई-वे बिलासाठी. मी शिकलोय कॉमर्स, पण "ह्याला कळतंय" असा शिक्का घरात एकदा बसला की बसला.

परवा वळीव आला, लाईट गेली आणि नेमकं तेव्हाच पट्टीच्या मशीनवर अपडेट चालू होतं. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी फक्त शिट्टी वाजवण्यापुरती. लाईट आल्यावर निळा पडदा, मग फिरणारे ठिपके, मग परत निळा पडदा. सौदे उरकलेले, शेतकरी पट्टीसाठी बाकड्यावर बसलेले. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागतंय."

मारलं. विंडोज आलं लगेच. पण आमचा पट्टीचा कागद अर्ध्या मापाचा, ते माप प्रिंटरला परत शिकवायचं होतं. मराठी फॉन्ट गेला होता. दुसऱ्या मशीनवरचं टॅली ह्याला दिसेना. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) कुठला होता ते कुणाला आठवेना. हे सगळं जागेवर येईपर्यंत पट्ट्या हातानं लिहिल्या, आणि दिवाणजींनी मला ऐकू जाईल अशा बेतानं "वहीचं बरं होतं" हे म्हणून घेतलं.

तर प्रश्न असा. काल दुपारी मशीन जसं चालत होतं तसं ते अर्ध्या तासात परत आणायची काही सोय असते का? मोठ्या कंपन्यांत असणारच. चार मशीनच्या पेढीला परवडेल आणि मी गावाला गेलो तर दुसऱ्या कुणाला जमेल असं सांगा. 'सगळं क्लाउडवर टाका' एवढंच सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

शंकासुर | सोमवार, रात्री ९:३१

सगळं क्लाउडवर टाका. (पळतो.)

खटपट्या | सोमवार, रात्री १०:०२

विश्रामबागला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा आधी फॉरमॅटवाल्यांची बाजू. मशीन टेबलावर येतं तेव्हा त्याच्याबरोबर माहिती काहीच येत नाही. काल काय टाकलं, कधीपासून होतंय, सगळ्याला उत्तर एकच, "काही केलं नाही, आपोआप झालं." कारण शोधण्यात दोन तास घातले तर त्याचे पैसे कुणी देत नाही. फॉरमॅटचे देतात. म्हणून फॉरमॅट.

तुमच्या मशीनला त्याची गरज बहुतेक नव्हती. विंडोज १० किंवा ११ सुरू होता होता लागोपाठ दोन-तीनदा पडलं की ते स्वतःच रिकव्हरीचं पान उघडतं. नाहीच उघडलं, तर लोगो दिसला की पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद करायचं, असं दोन-तीनदा. विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट. त्या पानावर 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि आत 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. अपडेट अर्धवट राहिलंय अशी शंका असेल तर पहिला हात तिथं घालायचा. 'क्वालिटी' म्हणजे महिन्याचं नेहमीचं, 'फीचर' म्हणजे वर्षाचं मोठं. मोठं असेल तर जुन्या आवृत्तीवर परत जायला एरवी दहाच दिवस मिळतात, नंतर विंडोज आपल्या जुन्या फायली पुसून टाकतं.

त्यानं भागलं नाही तर शेजारीच 'सिस्टीम रिस्टोअर'. २००० सालच्या विंडोज मिलेनियमपासून ही सोय आहे, तरी माझ्याकडं येणाऱ्या मशीनांत ती बंदच सापडते. आत्ता उठून चारही मशीनवर बघा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाईप करा, सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' असेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा आणि जागा पाच-दहा टक्के द्या. ह्याच्यानं रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची वही), ड्रायव्हर, विंडोजच्या फायली आणि टाकलेले प्रोग्राम मागं जातात. एक्सेल, फोटो, वर्डच्या फायली जागच्या हलत नाहीत. कुठले प्रोग्राम उडणार ते 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स' दाबलं की आधीच दिसतं, ते न बघता पुढं जाऊ नका. आणि काम चालू असताना लाईट जाता कामा नये. म्हणजे यूपीएसची बॅटरी बदला, ही ह्या धाग्यातली सगळ्यात स्वस्त सूचना.

'रीसेट धिस पीसी' ला मात्र हात लावायची घाई नको. 'कीप माय फाइल्स' असं गोड लिहिलेलं असतं. फायली राहतात, पण टॅली, टोकन, प्रिंटर सगळं जातं. तुमचं दुखणं तेच होतं ना?

गावभागकर | सोमवार, रात्री १०:२०

चारपैकी तीन मशीनवर 'ऑफ' आहे. काय बोलायचं.

पतपेढीवाली | मंगळवार, सकाळी ७:४८

मी एका पतसंस्थेत आहे, नाव नको. खटपट्याभाऊंचं सगळं पटलं, पण एक गोष्ट आधी लिहून ठेवते, कारण 'मागच्या स्थितीत नेलं' ह्यावरून आमच्याकडं एकदा रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलंय.

आमच्याकडं काउंटरची मशीन वेगळी आणि सर्व्हर वेगळा. काउंटरचं मशीन गेल्या महिन्यातल्या स्थितीत नेलं तरी कुणाचं काही अडत नाही, त्याच्यात खातेदाराचं काहीच नसतं. सर्व्हरचं तसं नाही. कुणीतरी मदत म्हणून सगळा सर्व्हरच आदल्या रात्रीच्या कॉपीवर नेला, म्हणजे डेटाबेससकट. सकाळपासून घेतलेल्या पिग्मीच्या (रोजच्या बचतीच्या) पावत्या खातेदारांच्या हातात, आणि आमच्या खात्यात त्यांचा पत्ता नाही. पावतीपुस्तकं, व्हाउचर समोर घेऊन एकेक नोंद परत भरली, तेव्हा कुठं रोकड जुळली.

तेव्हा गावभागकर, तुम्ही टॅलीचं सगळं मशीन अशा जुन्या कॉपीवर मागं नेणार असाल तर आधी विचारा की टॅलीचा डेटा त्याच डिस्कवर आहे का. असेल तर मशीनबरोबर हिशेबही मागं जातो. ई-वे बिल तिकडं पोर्टलवर तयार झालेलं असतं आणि तुमच्या टॅलीत त्या नंबरचं बिलच नसतं. मग तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला पडतो.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, हे मी दुसऱ्या पोस्टमध्ये लिहिणारच होतो, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत.

टॅलीप्राइमचा डेटा काही न बदलता ठेवला तर सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स', त्यात 'पब्लिक', त्यात 'टॅलीप्राइम', त्यात 'डेटा' असा बसतो. आत कंपनीचं नाव नसतं, नुसत्या आकड्यांचे फोल्डर असतात. घाईतला मेकॅनिक डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स कॉपी करतो आणि फॉरमॅट मारतो. 'पब्लिक' कोण उघडून बघतंय? वर्षाचा हिशेब असा गेलेली माणसं मार्च अखेरीला माझ्या दुकानात येऊन बसतात. चेहरा बघूनच कळतं.

म्हणून पहिलं काम, डेटा सी ड्राइव्हवरून हलवायचा. टॅलीच्या सेटिंगमध्ये डेटाचा पाथ बदलता येतो. शक्य असेल तर स्वतंत्र डिस्कवर. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून डी वर ठेवला तर मशीन मागं नेताना डेटा वाचतो, पण डिस्कच मेली तर दोन्ही जातात. त्यासाठी बॅकअप वेगळा, रोजचा, बाहेरच्या डिस्कवर.

एकदा हे झालं की सी ड्राइव्हमध्ये जे उरतं ते पुन्हा मिळण्यासारखं असतं. आणि मग 'इमेज' काढायची.

इमेज म्हणजे चालत्या मशीनच्या सगळ्या सी ड्राइव्हचा एकाच जागी ठेवलेला ठसा. विंडोज, ड्रायव्हर, तुमचं पट्टीच्या कागदाचं माप, मराठी फॉन्ट, टोकन, नेटवर्कची वाट, सगळं त्यात. मशीन बिघडलं की इमेज डिस्कवर परत उतरवायची. साठ-सत्तर जीबी भरलेली एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) असेल आणि बाहेरची डिस्क यूएसबी ३ ची असेल तर चहा मागवून तो येऊन पिऊन होईपर्यंत काम उरकतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र तासाच्या पुढं जातं. अर्धा तास म्हणत असाल तर आधी चारही मशीनला एसएसडी घाला.

ह्याला पूर्वी 'घोस्ट मारणं' म्हणायचे. तो प्रोग्राम नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये लिहिला गेला आणि १९९८ मध्ये सिमँटेकनं घेतला. आता फुकटात क्लोनझिला आहे, तैवानच्या लोकांनी बनवलेलं. वीम कंपनीचा विंडोजसाठीचा एजंट नावाचा प्रोग्रामही फुकट मिळतो आणि तो विंडोज चालू असतानाच इमेज काढतो. मॅक्रियमची फुकट आवृत्ती पुष्कळ जण वापरायचे, ती आता बंद झाली.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३५

एक खरीखुरी शंका. इमेज सहा महिन्यांपूर्वीची असली तर ती उतरवल्यावर सहा महिन्यांची अपडेटं परत घेत बसायचं ना? मग अर्धा तास कसला?

खटपट्या | मंगळवार, सकाळी ९:५०

विंडोज ७ च्या काळात बसावं लागायचं. १० पासून महिन्याचं अपडेट एकत्रित असतं, म्हणजे शेवटचं एकच घेतलं की मागची त्यात आली. ते संध्याकाळी दुकान बंद करताना लावा. पट्ट्या तोवर छापून होतात.

गावभागकर | मंगळवार, दुपारी १:०५

पतपेढीवाली ताई, आमचा डेटा 'पब्लिक'मध्येच निघाला. फॉरमॅट झालेल्या मशीनवर टॅलीचा डेटा नव्हता म्हणून वाचलो.

खटपट्याभाऊ, क्लोनझिला पेन ड्राइव्हवर घेऊन बघितलं. निळ्या-करड्या पडद्यावर प्रश्नच प्रश्न. आणि शेवटी 'डिस्क नीट बंद केलेली नाही' असं काहीतरी म्हणून थांबलं. मी तर शट डाऊन करूनच पेन ड्राइव्ह लावला होता.

खटपट्या | मंगळवार, दुपारी २:४०

सगळे तिथंच अडखळतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असली की शट डाऊन म्हटल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं आणि डिस्कवर 'मी अजून वापरतोय' अशी खूण ठेवून जातं. क्लोनझिला ती खूण बघून हात लावत नाही, आणि बरोबर करतं. शिफ्ट दाबून शट डाऊन करा, म्हणजे खरंच बंद होईल. नाहीतर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचं काढून टाका. एसएसडीवर त्याचा फरकही जाणवत नाही.

इमेज काढायच्या आधी आणखी थोडी साफसफाई. टेंपररी फायली उडवा, डाउनलोड्समधले सिनेमे हलवा (प्रत्येक ऑफिसात निघतात), प्रिंटरवर एक पट्टी छापून बघा, टोकनवरून एक सही करून बघा. सगळं चालतंय ह्याची खात्री झाली की मगच. बिघडलेल्या मशीनची इमेज काढली तर बिघाडच जपून ठेवलात.

क्लोनझिलात दोन शब्दांत गल्लत करू नका. 'डिव्हाइस-इमेज' म्हणजे डिस्कची फाइल करून ठेवणं, ते आपल्याला हवंय. 'डिव्हाइस-डिव्हाइस' म्हणजे एका डिस्कवरून थेट दुसरीवर. त्यात उलटी डिस्क निवडली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते. आणि ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान नको. शेवटी 'इमेज तपासू का' असं विचारतं, तिथं हो म्हणा, वेळ लागला तरी.

इमेजच्या फोल्डरला तारीख आणि मशीनचं नाव द्या. 'न्यू न्यू फायनल' नको.

सातारी_पुण्यात | मंगळवार, संध्याकाळी ७:२२

साताऱ्याचा, पण पुण्यात एका कंपनीच्या आयटी विभागात. सांगलीकरांच्या धाग्यात नाक खुपसतोय, माफी असावी.

'मोठ्या कंपन्यांत सोय असणारच' असं गावभागकर म्हणाले. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातली ८५ लाख विंडोज मशीन पडली. विमानतळांवर बोर्डिंग पास पेनानं लिहिले गेले, तुमच्या पट्ट्यांसारखेच. आणि इलाज काय होता? सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू करून) जायचं, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली 'सी-०००००२९१' नं सुरू होणारी फाइल पुसायची, रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम. पण मशीनच सुरू होत नसल्यामुळं लांबून करता येईना, प्रत्येक मशीनसमोर माणूस जाऊन उभा राहिला.

त्याहून मोठा खोळंबा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाचा, झाला. डिस्क कुलूपबंद असली की रिकव्हरीच्या पानावरून आत जायला ४८ आकडी किल्ली मागतात. ती किल्ली जिथं ठेवलेली, तो सर्व्हरही काही ठिकाणी पडलेला.

हे तुमच्यासाठी लिहितोय. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्कचं कुलूप आपोआप लागतं, कुणी विचारत नाही. खटपट्याभाऊंनी सांगितलेलं 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करायला गेलात की किल्ली मागेल. ती ज्यानं मशीन बसवलं त्याच्या ईमेलच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि तो मेकॅनिक आता फोन उचलत नाही. म्हणून आजच चारही मशीनच्या किल्ल्या काढून कागदावर छापा आणि तिजोरीत ठेवा. कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आणखी एक. ज्यांच्याकडं डोमेन आहे, म्हणजे सगळ्या मशीनचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालतं (पेढीवर नसणार, पतसंस्थेत असेल), तिथं मशीन आणि सर्व्हर आपसातला पासवर्ड साधारण तीस दिवसांनी बदलतात. जुनी इमेज उतरवली की मशीनला जुनाच पासवर्ड आठवतो आणि लॉगिनला 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' येतं. घाबरू नका, लोकल ॲडमिननं (त्या मशीनच्याच मुख्य खात्यानं) आत जाऊन डोमेनला परत जोडलं की झालं. पण लोकल ॲडमिनचा पासवर्ड कुणाला तरी माहीत हवा.

पतपेढीवाली | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

आमच्याकडं तो पासवर्ड ज्यांना माहीत होता ते निवृत्त झालेत.

प्रयोगशाळा | मंगळवार, रात्री ८:३०

कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. आमच्याकडं रिस्टोअर वगैरे भानगड नाही, डीप फ्रीझ आहे. पोरं दिवसभर काय वाटेल ते करू देत, पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणू देत, डेस्कटॉपवर कुणाचेही फोटो लावू देत, रीस्टार्ट केलं की मशीन सकाळी होतं तसं. मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट नावाचं फुकटचं असंच काहीतरी एक्सपी आणि व्हिस्टाला होतं, ते त्यांनी २०१० मध्ये बंद केलं.

तोटा एकच आणि तो सणसणीत. सी वर सेव्ह केलेलंही रीस्टार्टला जातं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तरी दर वर्षी प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी एखादं पोरगं रडकुंडीला येतं.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:०५

टॅलीच्या मशीनवर हे चुकूनसुद्धा नको. पण गावभागकर, तुमच्या पट्टीच्या मशीनला फ्रीझ शोभेल बघा. त्याच्यावर साठवायचं काहीच नाही, डेटा दुसऱ्या मशीनवर, ह्याचं काम फक्त छापणं. असं मशीन रोज सकाळी कोरं उठलेलं उत्तम. महिन्यातून एकदा फ्रीझ उघडायचं, अपडेट घ्यायचं, परत बंद. ते विसरणार असाल तर मात्र साधी इमेजच बरी.

ऑफसेट | बुधवार, सकाळी ११:१५

मिरजेत छापखाना. माझं दुखणं जरा वेगळं. लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं एक मशीन आहे, विंडोज ७, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), मागं पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या खाचेला) लावलेलं त्याचं डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली. वीसेक वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० च्या जानेवारीत संपला हे माहीत आहे, इंटरनेट काढून टाकलंय. हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आहे. रिस्टोअर मारू का?

खटपट्या | बुधवार, सकाळी ११:२२

थांबा! रिस्टोअर, चेकडिस्क, डीफ्रॅग काही नको. टकटक म्हणजे डिस्क शेवटच्या घटकेला आलीय, जेवढी फिरेल तेवढी जाईल. मशीन बंद करा. डिस्क काढून आणा, आधी फायली काढू, मग इमेज निघते का बघू. निघाली तर नव्या एसएसडीवर उतरवू.

हे सगळ्यांसाठीच, 'मागं न्यायच्या' आधी बिघाड सॉफ्टवेअरचा आहे ना ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघायला मिनिटही लागत नाही. मार्केट यार्डातली मशीन माझ्याकडं येतात त्यांचं झाकण उघडलं की आत पिवळं. पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, सगळीकडं हळदीचा थर. रॅम काढून संपर्काच्या पट्ट्या खोडरबरनं पुसल्या, ब्लोअर मारला की 'व्हायरस' गेलेला असतो. आणि मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल (सीआर २०३२) संपला की मशीनची तारीख मागं जाते, बँकेची आणि जीएसटीची साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. त्या तक्रारीवर फॉरमॅट मारलेली मशीन मी बघितली आहेत. फॉरमॅट झाल्यावरही तारीख चुकीचीच होती.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ४:००

इमेज, बॅकअप सगळं खरं, पण ठेवणार कुठं? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं हरभट रोडचं ऑफिस तळमजल्यावर. मशीन टेबलावर उचलून ठेवली, आणि बॅकअपची डिस्क टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. २०२१ ला परत पाणी आलं तोवर शहाणे झालो होतो, डिस्क मेहुण्याकडं विट्याला.

सातारी_पुण्यात | बुधवार, दुपारी ४:२५

विट्याला डिस्क असण्याचा आणखी एक फायदा, ती मशीनला जोडलेली नसते. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आत आला की तो फायली कुलूपबंद करायच्या आधी किंवा करता करता विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजनं आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसतो. रिस्टोअर पॉइंट त्यातच असतात, म्हणजे सिस्टीम रिस्टोअर गेलं. बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवली असेल तर तिच्यावरच्या फायलीही जातात. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून, एक कायम बाहेर.

शंकासुर | बुधवार, दुपारी ४:३१

म्हणजे माझं क्लाउडवर टाका हे तितकंसं चूक नव्हतं तर.

खटपट्या | बुधवार, दुपारी ५:१०

डेटासाठी नव्हतंच चूक. टॅलीचा रोजचा बॅकअप चार-पाचशे एमबीचा असेल तर खुशाल गूगल ड्राइव्हवर टाका, विट्याचा मेहुणा आणि क्लाउड दोन्ही ठेवा. इमेज पन्नास जीबीची, ती इंटरनेटवरून खाली घेऊन अर्ध्या तासात मशीन उभं राहत नाही. ती जवळ हवी.

गावभागकर | गुरुवार, रात्री ८:४०

एवढं झालंय. टॅलीचा डेटा वेगळ्या एसएसडीवर हलवला. बिटलॉकर काकांच्या मशीनवर खरंच चालू होतं, किल्ली छापून तिजोरीत. पट्टीच्या मशीनची इमेज काढली आणि एका जुन्या रिकाम्या डिस्कवर उतरवूनही बघितली, सुरू झालं, पट्टी छापली. कागदाचं मापसुद्धा आलं!

आता दोन अडचणी. टॅलीची दोन्ही मशीन एकाच मॉडेलची आहेत, मग एकाची इमेज दुसऱ्यावर चालेल का? आणि दिवाणजींना हे कसं शिकवू? क्लोनझिलाचे प्रश्न बघून ते माझ्याकडं असे बघतात की मीच काहीतरी चोरलंय.

खटपट्या | गुरुवार, रात्री ९:३०

चालेल, पण दोन्हीची नावं एकच होतात, नेटवर्कवर भांडतात, म्हणून उतरवल्यावर नाव बदला. आणि टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, ते दुसऱ्या मशीनवर पुन्हा ॲक्टिव्हेट करायला लागेल. चारच मशीन आहेत, प्रत्येकाची वेगळी इमेज ठेवा, डोक्याला ताप नाही.

दिवाणजींना क्लोनझिला नको. क्लोनझिलामध्येच 'रिकव्हरी' पेन ड्राइव्ह बनवायची सोय आहे, इमेज आणि प्रोग्राम एकाच ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर. लावला, सुरू केला, दोनदा 'वाय' दाबलं की उतरवायला लागतो. ज्या मशीनचा त्याच्यावर त्याच मशीनचं लेबल चिकटवा, कारण तो विचारत नाही की तू बरोबर मशीनवर आहेस का. आणि प्रत्येक मशीनला पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायची कळ (कीबोर्डवरचं बटण) वेगळी असते, कुठं एफ१२, कुठं एफ९, कुठं एस्केप. ती कॅबिनेटवरच स्केचपेननं लिहून ठेवा.

पतपेढीवाली | गुरुवार, रात्री ९:४५

आणि त्या पेन ड्राइव्हवर कुणी भजनं कॉपी करणार नाही अशा जागी ठेवा. अनुभव आहे.

ऑफसेट | शुक्रवार, दुपारी १२:१०

डिस्क आणून दिलीय, फायली निघाल्या हे खटपट्याभाऊंनी फोनवर सांगितलं, आभार. सातारी_पुण्यात यांनी निरोपात सुचवलं की ते सगळं मशीनच 'व्हर्च्युअल' करून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवता येतं, डिस्कटूव्हीएचडी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या फुकटच्या टूलनं. मग जुनं मशीन टाकून देऊ का?

खटपट्या | शुक्रवार, दुपारी १:३०

टाकू नका. विंडोज ७ नव्या पोटात गेलं की परत ॲक्टिव्हेशन मागणार, कारण ते कंपनीचं लायसन्स त्या मदरबोर्डबरोबरचं. आणि पॅरलल पोर्टचं डोंगल व्हर्च्युअल मशीनला दाखवणं फार कटकटीचं आहे, यूएसबीचं असतं तर सोपं होतं. डोंगल बदलून यूएसबीचं मिळतं का ते फॉन्टवाल्यांना आधी विचारा. तोवर एसएसडी घातलेलं तेच मशीन चालवू, आणि भंगारात त्याच मॉडेलचं दुसरं मिळालं तर मी उचलून ठेवतो. मशीन न्यायला शनिवारी चारनंतर या, येताना डोंगल आणा, ते लावल्याशिवाय श्रीलिपी उघडून दाखवता येणार नाही.